न निघणारी चमकी

“पण मग ती टिकते कशी?”

शलाकाने हा प्रश्न त्या दिवशी चौथ्यांदा विचारला.

हलीमाआपांनी वर पाहिलं नाही. त्या कापसाचे नखाएवढे तुकडे कापत होत्या आणि एकेक तुकडा स्टीलच्या वाटीत टाकत होत्या.

“आपा, मी तुम्हाला विचारतेय.”

“ऐकलं की.”

“मग सांगा ना.”

“कापूस काप.”

शलाकाने कात्री उचलली. गेले नऊ दिवस ती कापूसच कापत होती.

मिरजेत, दर्ग्यामागच्या गल्लीत आपांची खोली होती. दारावर पाटी नाही, आत आरसा नाही. एक खिडकी, तीन स्टुलं आणि चमकीचे डबे मांडलेली एक लाकडी फळी. आपांचं वय सत्तरीच्या पुढं. त्यांचे वडील शिकलगार, सुऱ्या-कात्र्या घासून लखलखीत करणारे. आपांनी आधी मेंदी काढली, मग बायकांची नखं रंगवायला घेतली.

खोटं नख चिकटवायचं नाही. अल्लानं दिलेल्या नखावर मावेल तेवढंच करायचं. आणि दिवसाच्या उजेडातच करायचं, खिडकी अंधारली की डबे बंद. आपांचे नियम एवढेच.

शलाका सांगलीची. स्वतःचं पार्लर, भिंतीवर सहा प्रमाणपत्रं आणि मोबाईलवर तिची नखं बघणारे बारा हजार लोक. पार्लरच्या काचेवर तिनं मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं, ‘न निघणारी चमकी’. ते खोटं नव्हतं. भांडी घासा, धुणं धुवा, भाकऱ्या थापा, तिनं लावलेल्या चमकीचा कण हलायचा नाही.

ही गोष्ट मला शलाकानंच सांगितली. सांगताना तिनं स्वतःला कुठं झाकलं नाही, तेव्हा मीही झाकत नाही. ती तेव्हा भारी शहाणी होती.

पहिल्या दिवशी आल्या आल्या तिनं आपांसमोर आपले दोन्ही हात पसरले होते.

“माझी चमकी तुमच्यापेक्षा जास्त टिकते, आपा. तुमची पंधरा दिवस. माझी पंचवीस.”

“चांगलं हाय की. मग आलीस कशाला?”

शलाकाचे हात हळूहळू खाली आले.

“माझ्याकडे बाई एकदा येते, दोनदा येते. तिसऱ्यांदा येत नाही.”

“का?”

“कळत नाही. तुमच्याकडे म्हणे तीस-तीस वर्षं त्याच बायका येतात.”

“येतात. एकजण लग्नात आलती. परवा नातीच्या बारशाला आली.”

“तेच मला शिकायचंय.”

आपांनी तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. ‘चकाकतं ते सगळं सोनं नसतं’ असलं काहीतरी ऐकायची शलाकाची तयारी होती. आपा तसलं काही बोलल्या नाहीत.

“धा दिवस ये,” त्या म्हणाल्या. “धाव्या दिवशी सांगते, राहायचं का जायचं.”

आज दहावा दिवस होता.

आपा ‘जा’ म्हणाल्या तर पुढं काय, हे शलाकाच्या घरात ठरून गेलं होतं. पार्लर बंद करायचं आणि भावाच्या मेडिकलच्या दुकानात बसायचं. सांगलीत तिच्याकडची खुर्ची आठवडा-आठवडा रिकामी राहायला लागली होती. बारा हजार लोक बघत होते, पण खुर्चीत कुणी बसत नव्हतं.

आणि इथं ती नऊ दिवसांत काय शिकली? कापूस कापणं. चांदीच्या कागदाचे चौकोन करणं. रोज घरी जाताना केसांत, कानात, एकदा तर डब्यातल्या चपातीवर चमकी घेऊन जाणं. चमकी आणि आगंतुक पाहुणा, दोघांनाही जा म्हणता येत नाही.

तिनं आपांचा हात मात्र बारकाईनं पाहिला होता. नखाला धक्का नाही, घासणं नाही. पातळ रंगाचे दोन हात, ओल्या रंगावर स्पंजच्या तुकड्यानं टेकवलेली चमकी, त्यावर पुन्हा दोन हात गुळगुळीत होईपर्यंत. यात नवीन असं काहीच नव्हतं.

उलट एक चूक तिच्या डोळ्यांत भरली होती. आपांची चमकी नखाच्या मुळापर्यंत कधी जातच नसे. मुळाशी तांदळाच्या दाण्याएवढी जागा उघडीच राही. म्हातारीची नजर अधू झाली असणार, असं शलाकानं धरलं. पाचव्या दिवशी आपा चहा टाकायला उठल्या, तेव्हा तिनं एका बाईच्या नखावरची ती जागा पटकन भरूनही टाकली.

आपा परत आल्या. त्यांनी पाहिलं. एक शब्द न बोलता त्यांनी काडीनं तेवढी चमकी पुसून घेतली.

तर दहाव्या दिवशी दुपारी दीडच्या सुमाराला दारात एक बाई उभी राहिली. पंचेचाळिशीची, किरकोळ अंगाची. गल्लीतून चालत आल्यानं तिला चांगलीच धाप लागली होती. दोन्ही हात पदराखाली.

“आपा म्हणत्यात त्या हितंच असत्यात का?”

“ये की. बस. पाणी पी आधी.”

बाईनं पाण्यासाठी पदराखालून हात काढला आणि शलाका उडालीच.

जांभळी नखं. त्यावर सोनेरी चमकी, टोकाशी दाट आणि मुळाकडं विरळ होत गेलेली. एकही ओरखडा नाही.

“हे माझं काम आहे!” ती म्हणाली. “आपा, बघा, बघा ना! ताई, तुम्ही माझ्याकडेच आला होता ना?”

“व्हय. तुमीच की ताई. मी द्वारका चौगुले. लेकीच्या साखरपुड्याला लावलीती तुमी.”

“किती दिवस झाले?”

“बावीस.”

“बावीस दिवस, आपा! आणि एक कण...”

शलाकानं त्या बाईचा हात आपांच्या तोंडासमोर धरला. तिच्या म्हणण्याप्रमाणे त्या क्षणी तिला वाटलं, परीक्षा आपोआप झाली आणि आपण पास झालो.

“टिकलीया खरी,” द्वारकाबाई म्हणाल्या. “म्हणूनच आले.”

“म्हणजे?”

“उद्या सकाळी आठला ऑपरेशन हाय माझं. काळजाची झडप बदलायचीया. आज चारला भरती व्हा म्हणाल्यात. पण नखं मोकळी पाहिजेत म्हणं. सकाळी सिस्टरनं लई घासलं. बोटाला चिमटा लावत्यात न्हवं, त्यो आकडाच धड दाखवंना. शेवटी तीच म्हणाली, दर्ग्यामागं आपा हाईत, त्यांच्याकडं पळा.”



शलाकानं बाईचा हात अजून आपांसमोर धरलेलाच होता. तो आता कसा खाली ठेवावा, हे तिला कळेना.

“न्हाई निघाली तर?” द्वारकाबाईंनी विचारलं. “तारीख पुढं जाईल म्हणं. दोनदा गेलीया आधीच. एकदा ताप आलता, एकदा डॉक्टरच न्हवते. आता परत गेली तर... मला न्हाई वाटत मी वैशाख बघंन. आन् वैशाखात लेकीचं लगीन हाय.”

ती हे रडून सांगत नव्हती. बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगत होती.

आपांनी कापसाची वाटी शलाकाकडं सरकवली.

“तू लावलंस. तूच काढ.”

शलाकानं पर्समधून आपलं पोलादी अवजार काढलं. चपट्या टोकाचं, नेहमीचं. पार्लरमध्ये ती याच्यानंच चमकी काढायची. कडेखाली टोक घालायचं आणि उचकटायचं, खपल्या निघतात. दहा मिनिटांत दहा बोटं.

तिनं अंगठ्याच्या कडेखाली टोक घातलं आणि दाबलं.

द्वारकाबाईंनी श्वास आत ओढला. हात मात्र मागं घेतला नाही.

शलाकाच्या मनगटावर आपांचा हात पडला. त्या हातात जोर असा नव्हता. तरी शलाकाचा हात थांबला.

“किती वाजले?”

“पावणेदोन.”

“भरती कितीला?”

“चारला.”

“मग घाई कुणाला हाय?”

“यांना,” शलाका म्हणाली.

“हिला न्हाई. तुला.”

आपांनी ते अवजार घेतलं आणि खिडकीत ठेवून दिलं. मग खोबरेल तेलाची बाटली उघडली. द्वारकाबाईंच्या डाव्या करंगळीच्या नखाभोवतीच्या कातडीला तेल लावलं. वरचा तुकतुकीत थर तेवढा हलक्या हातानं घासून काढला. कापसाचा तुकडा रंग विरघळवणाऱ्या अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवला. त्यावर चांदीचा कागद गुंडाळून टोक पिळलं. हे सगळं इतकं सावकाश चाललं होतं, की करंगळीवर काही होतंय हे करंगळीलाही कळलं नसेल.

“आता तू,” आपा म्हणाल्या.

नऊ बोटं शलाकानं केली. पहिल्या बोटाला तिनं कागद तीनदा गुंडाळला. चौथ्याला एकदाच. नऊ दिवसांत कापलेला कापूस आणि कागद आज कशासाठी हातात येतोय, हे तिच्या ध्यानात आलं, पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

दहाही बोटांना चांदीच्या टोप्या चढल्या. द्वारकाबाईंनी त्या बघितल्या आणि त्यांना हसू आलं.

“पाळण्यातल्या टोपड्यागत दिसतंय.”

“आता?” शलाकानं आपांना विचारलं.

“आता थांब.”

“किती वेळ?”

“इस मिंटं.”

“तोवर मी काय करू?”

“हात धर.”

“धरते. पण काम काय करू?”

“हेच.”

शलाका स्टुलावर बसली. तिनं द्वारकाबाईंचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

तिनं आजवर हजारो हात धरले होते. उलटे, सुलटे, उजेडात तिरके करून, फोटोसाठी लिंबाच्या फोडीजवळ ठेवून. पण नुसता हात, काही करायचं नाही म्हणून धरलेला, तिला आठवत नव्हता. पहिली दोन-तीन मिनिटं ती अवघडून बसली होती. नजर कुठं ठेवावी कळत नव्हतं. अ‍ॅसिटोनचा वास खोलीभर झाला होता.

मग तिच्या बोटांना काहीतरी लागलं.

द्वारकाबाईंच्या मनगटाच्या आतल्या बाजूला. ठक, ठक, ठक... आणि मग काहीच नाही... आणि मग घाईघाईनं दोन. पुन्हा तीन. पुन्हा काहीच नाही.

 शलाकानं घाबरून आपांकडं पाहिलं. आपा खिडकीबाहेर बघत होत्या.

“अडखळतंय न्हवं?” द्वारकाबाईच म्हणाल्या. “चार वर्सं झाली, असंच चालतंय. जिना चढला की थांबतंय, मी पण थांबते. ते निघालं की मी निघते.”

“भीती नाही वाटत?”

“वाटती की. पण धुणं कुणी करायचं, स्वैपाक कुणी करायचा? त्या नादात इसरते.”

 बावीस दिवसांपूर्वी हाच हात शलाकाच्या हातात पाऊण तास होता. तेव्हाही हे अडखळत असणारच. तिला ते लागलं नव्हतं. तेव्हा ती मालिकेतल्या एका नटीच्या नखांबद्दल बोलत होती, एवढं तिला आठवलं.

ठक, ठक... आणि काहीच नाही...

त्या ‘काहीच नाही’मध्ये शलाकाचाही श्वास थांबत होता. आणि ठोका पुन्हा आला की तिला चक्क देवाच्या पाया पडावंसं वाटत होतं. वीस मिनिटं कशी गेली, तिला कळलं नाही.

“बघ आता,” आपा म्हणाल्या.

करंगळीची टोपी काढली. चमकी फुगून सैल झाली होती. आपांनी लाकडी काडी आडवी टेकवली आणि ती ढकलली, तर अर्धी चमकी आपसूक सरकून आली. अर्धी राहिली.

“राहिलेली?”

“परत कापूस.”

“परत वीस मिनिटं?”

“परत.”

दुसरी फेरी झाली. हात धरणं झालं. अंगठ्यांवर तरीही सोनेरी ठिपके होतेच. शलाकानं ते बसवलेच तसे होते. एका ठिपक्याकडं तिचं स्वतःचं नख गेलंसुद्धा, खरवडायला. जेमतेम टेकलं. मग तिचं तिनंच ते मागं घेतलं आणि वाटीतला कापूस उचलला. आपांनी हे पाहिलं की नाही, ते तिला आजही माहीत नाही.

तिसऱ्या फेरीत अंगठेही मोकळे झाले.

दहा नखं खिडकीच्या उजेडात उघडी पडली. शलाका खाली वाकली आणि तशीच राहिली.

नखांवर पांढरे ओरखडे होते. दाट, आडवे-तिडवे, दहाही नखांवर. मधोमध नख इतकं पातळ झालं होतं की आतला लालसरपणा आजारी वाटत होता.

“हे कशानं?” आपांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

शलाकाला खोटं बोलता आलं असतं. समोरच्या बाईला काही कळलं नसतं.

“मी कानशीनं घासलं होतं,” ती म्हणाली. “नख खरबरीत केलं की चमकी घट्ट धरते. म्हणून माझी निघत नाही. सगळ्यांचीच घासते मी... आणि काढताना उचकटते.”

द्वारकाबाईंनी आपली नखं चेहऱ्याजवळ नेली.

“अस्सं व्हय. मला वाटलं, असंच असतंय. बरेच दिस गरम पाण्यात हात घातला की झोंबायचं.”

“तुम्ही सांगितलं नाहीत मला...”

“तुमाला काय सांगायचं ताई? तुमी शिकलेल्या.”

यापेक्षा तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर शलाकाला बरं वाटलं असतं. तिसऱ्यांदा बाई का येत नाही, हे तिला मिरजेत, कुणी न सांगता, असं कळलं. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत.

“भरून येईल का हे?” तिनं आपांना विचारलं.

“नख भरत न्हाई. मुळातनं नवं येतं आणि जुनं पुढं सरकतं. सहा म्हैने लागतात.”

“तोवर?”

“तोवर तू केलेलं हिच्यासंगं हिंडंल.”

शलाकानं मान खाली घातली.

“मान वर कर,” आपा म्हणाल्या. “काम व्हायचंय अजून.”

“निघाली की सगळी.”

“दाब.”

“काय?”

“नख. टोकाशी. हळू.”

शलाकानं द्वारकाबाईंच्या मधल्या बोटाचं नख आपल्या दोन बोटांत धरलं आणि हळू दाबलं.

नख पांढरं पडलं.

“सोड.”

तिनं सोडलं.

क्षणभर ते तसंच पांढरं राहिलं. मग कडेनं, अगदी सावकाश, गुलाबी रंग आत यायला लागला. थबकला. पुन्हा निघाला. आणि बघता बघता सगळं नख भरून गेलं.

शलाका बघतच राहिली.

तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा पांढरं. पुन्हा तो रंग, कुठून तरी लांबून चालत आल्यासारखा, येऊन पोचला.

ती सहा शहरांत शिकली होती. तिच्याकडं दोनशे दहा रंगांच्या बाटल्या होत्या. सोनेरी, चंदेरी, मोरपंखी, सूर्याच्या उजेडात बदलणारी, अंधारात दिसणारी, कुठली चमकी तिनं हाताळली नव्हती? आणि रोज ज्याच्यावर ती हे सगळं थापत होती, त्याच्याखाली हे चालू होतं. तिच्यातही, समोरच्या बाईतही, येणाऱ्या प्रत्येकीत. कुणी न सांगता, कुणी न बघता. 

आपांनी आपलं बोट पुढं केलं. सत्तर वर्षांचं, गाठी आलेलं.

“हे दाब.”

तिनं दाबलं, सोडलं. रंग झटकन परत आला.

“हिचा?”

“उशिरा येतो,” शलाका हळूच म्हणाली.

“पण येतो?”

“येतो.”

“बघ परत.”

शलाकानं दहाही नखं दाबून पाहिली. एकेक करून. प्रत्येक वेळी नख पांढरं पडे, आणि प्रत्येक वेळी रंग येई. द्वारकाबाईही आता वाकून बघत होत्या. आपल्याच हाताकडं त्यांनी असं कधी पाहिलं नसावं.

“अगं बया...” त्या म्हणाल्या. “हे माझंच हाय का?”

“तुझंच,” आपा म्हणाल्या. मग शलाकाकडं वळून, “उद्या ही भुलीत असंल. तोंडानं बोलणार न्हाई, डोळं उघडणार न्हाई. तवा हिच्या वतीनं डॉक्टरशी बोलणार कोण? हीच धा जणं.”

शलाकानं ते दहा जण नीट पाहिले. प्रत्येकाच्या मुळाशी फिकट पांढरी कोर होती, तांदळाच्या दाण्याएवढी. नख तिथूनच बाहेर पडत होतं. ती जागा आपा उघडी का ठेवतात, हे तिनं विचारलं नाही. पाचव्या दिवशी आपण काय भरून टाकलं होतं, ते आठवून तिला नुसतं गरम गरम झालं.

चमकी टिकते कशी, हा प्रश्न पाचव्यांदा विचारायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.

आपांनी तिच्या हातात तेलाची बाटली दिली. शलाकानं एकेक नख तेलानं चोळलं. ओरखड्यांवरून बोट फिरवताना ती प्रत्येक वेळी थोडी थांबत होती. मग साबणाच्या कोमट पाण्यानं हात धुतले, कारण दवाखान्यात तेलाचा हातही चालत नाही, असं आपांनी सांगितलं. पुसून कोरडे केले.

सव्वातीन झाले होते.

द्वारकाबाई उठल्या. त्यांनी दोन्ही हात समोर धरून पाहिले. पदराखाली लपवायची आता गरज नव्हती.

“मोकळं मोकळं वाटतंय,” त्या म्हणाल्या. मग शलाकाकडं बघून, “ताई, वाईट वाटून घेऊ नका. साखरपुड्यात लई जणींनी नावाजली तुमची चमकी. लेक म्हणाली, आई, तू पयल्यांदाच नटलीस.”

शलाकाला हुंदका आवरेना. तिनं द्वारकाबाईंचे हात पुन्हा धरले. काही करायचं नव्हतं, तरी धरले. ठक, ठक... आणि काहीच नाही... आणि ठक.

मग तिनं हात सोडले आणि आपली पर्स उचलली. खिडकीतलं ते अवजार तिनं तिथंच राहू दिलं.

“आपा, मी यांना दवाखान्याच्या दारापर्यंत सोडते आणि तशीच सांगलीला जाते,” ती म्हणाली. “आज दहावा दिवस. तुम्ही काय सांगणार ते मला कळलंय. काचेवरची अक्षरं मी आजच खरवडून काढते.”

 आपा वापरलेल्या कापसाचे गोळे कागदात गुंडाळत होत्या. चमकी जमिनीवर सांडू नये म्हणून कागदाची घडी चारही बाजूंनी घातली.

द्वारकाबाई उंबऱ्याशी पोचल्या आणि थांबल्या. बाहेर गल्लीत ऊन होतं. एक पाय बाहेर टाकलेला, एक आत. तो आतला पाय काही निघेना. इतका वेळ सरळ सांगत आलेल्या त्या बाईचा आवाज तिथं पहिल्यांदा हलला.

“आपा... वैशाखात लगीन हाय लेकीचं. मी... म्हंजे समजा सगळं नीट झालं... समजा आले मी परत...”



शलाकाला काहीतरी म्हणायचं होतं. होईल सगळं नीट, काळजी करू नका, असं कुणीही म्हणतं ते. पण मघाचा तो थांबलेला ठोका अजून तिच्या बोटांत होता, आणि तिला ते म्हणता येईना.

“तर परत लावाल का मला?” द्वारकाबाईंनी कसंबसं विचारलं. “थोडीशीच. लगनापुरती. तुमी लावाल, का ह्या ताई?”

आपांनी कागदाची पुडी बाजूला ठेवली. शलाकाच्या खांद्यावरची पर्स ओढून घेतली आणि फळीवर, चमकीच्या डब्यांशेजारी ठेवून दिली.

“आमी दोघी हितंच हाय गं,” त्या म्हणाल्या. “चमकीचे डबे भरलेत. तू फक्त नखं घेऊन ये.”